गळका नळ, वाळकी फांदी

परड्यातल्या नळाचा वॉशर बदलणे, शेवग्याची वाळलेली फांदी उतरवणे, पडवीतली जळमटं काढणे, कपड्यांच्या तारेचं लोंबणारं टोक कापून टाकणे आणि मागच्या भिंतीला लागून असलेली रोगट जास्वंद मुळासकट उपटणे, ही कामं आमच्या घरात माझ्या नावावर आहेत. केव्हापासून आहेत याचा हिशोब कोणी मांडत नाही, म्हणून घरात शांतता आहे. दिवाळीच्या तोंडावर बायको यादी वाचून दाखवते, मी "येत्या रविवारी नक्की" म्हणतो, आणि रविवारी आमच्याकडे कोणी ना कोणी टपकतं. कोणी टपकलं नाही तर मी कोणाकडे तरी जातो.

असा माणूस एकाएकी निसर्गप्रेमी झाला हे घरात कोणाच्या गळी उतरेना. दोष माझा नव्हे, पुण्याच्या भाचीचा. ती कॉलेजात गेल्यापासून पक्षी मोजते. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभरातले लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' म्हणतात त्याला. १९९८ साली अमेरिकेत हे सुरू झालं आणि २०१३पासून बाकीचं जगही त्यात मोजायला बसलं. भाचीचा फोन आला, "मामा, आपल्या सगळ्या खानदानात परडं असलेला तू एकटा उरलायस. काही करायचं नाही. फक्त पंधरा मिनिटं बसायचं आणि दिसतील ते पक्षी मोजायचे."

काही न करता बसणं हा माझा हातखंडा. मी शब्द दिला. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, आंबा-शेवगा-कढीपत्त्याचं परडं आणि त्यात मी. अमेरिकेला यापेक्षा जास्त काय हवं होतं?

इथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण पाखरं यायची तर त्यांची सोय नको का करायला, या विचाराने मला घेरलं. आठवडाभरात मी एक पसरट मातीचं परळ आणलं, लाल कौलांचं लाकडी घरटं मागवलं, बाजरी टांगून ठेवायचं एक प्लॅस्टिकचं यंत्र आणलं आणि नर्सरीतून पिटुनियाच्या रंगीबेरंगी कुंड्या आणल्या. वर दुर्बीण. दुर्बिणीची किंमत मी बायकोला निम्मी सांगितली. पावती तिने आधीच वाचली होती, त्यामुळे उरलेल्या निम्म्या रकमेवर तिने माझा अर्धा तास घेतला.

बाजरीचा निकाल सर्वांत आधी लागला. पहिल्या दिवशी दोन पारवे आले, दुसऱ्या दिवशी त्यांनी भावकीत निरोप धाडला असावा. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून केवढं रणकंदन झालं ते मी पेपरात चवीने वाचलं होतं; आमच्या गल्लीतलं रणकंदन त्याहून लहान होतं, पण त्यात मी एकटाच आरोपी होतो. शेजारच्या काकांची नवी पांढरी गाडी आमच्या कुंपणालगत उभी असते. "उभी असायची," असं काका आता म्हणतात. बाजरीचं यंत्र माळ्यावर गेलं.

लाकडी घरट्यात एक खार शिरली. तिने आमच्या पायपुसण्याचा काथ्या उपसून उपसून ते गच्च भरलं आणि मग ते घर तिच्या पसंतीस न उतरल्यामुळे ती निघून गेली. पायपुसणं टकलं झालं. भाचीला फोटो पाठवला तेव्हा तिने सांगितलं, की अशा पेटीत दयाळ किंवा चिमणी येते. बुलबुल, शिंजीर, शिंपी हे आपापलं घरटं उघड्यावर झुडपात नाहीतर फांदीला बांधतात, त्यांना पेटीशी देणंघेणं नसतं. शिवाय भोक केवढं हवं याला माप असतं. "तुझ्या त्या भोकातून कोंबडी आत जाईल, मामा."

परळात मी रोज सकाळी ताजं पाणी भरत होतो. ते पाणी गल्लीतल्या बोक्याला फार आवडलं. पाणी पिऊन झालं की तो शेजारीच अंग टाकून द्यायचा आणि अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी झाडांकडे बघत राहायचा. परड्यात पक्षिनिरीक्षक दोन झाले, आणि त्यातला दुसरा जास्त गंभीर होता.

पाखरं मग पाणी कुठं पीत होती? नळाला. गळक्या नळाखाली फरशीचा एक तुकडा खचलेला आहे, तिथे हातभर डबकं साठतं. लालबुड्या बुलबुलांची जोडी तिथे यायची. एक बुलबुल डबक्यात छाती टेकवून, पंख थरथरवून सगळीकडे पाणी उडवायचा, दुसरा नळाच्या तोटीवर बसून वाकून बघायचा आणि थेंब पडायच्या आत चोचीत टिपायचा. दुपारी दयाळ यायचा, शेपटी उभारून. माझं परळ तिथून चार हातांवर होतं. त्याच्याकडे एकाने मान वळवून पाहिलं नाही.

मोजणीच्या दिवशी मी खुर्ची आंब्याखाली टाकली. यंदा मोहोर भरपूर. मोहोराचा वास, सकाळचा गारवा, मांडीवर वही, गळ्यात दुर्बीण. बायकोकडून मी एक फोटोही काढवून घेतला. वहीत दोन ओळी लिहून होतात तोच पान चिकट झालं. मग पेन, मग दुर्बीण, मग डोकं. मोहोरावर तुडतुडे आले की ते रस शोषतात आणि गोड चिकटा खाली सोडतात, हे मला कृषी विभागाच्या पत्रकामुळे ठाऊक होतं. पण तो चिकटा सोडतात म्हणजे नेमका कुठे सोडतात याचा विचार मी केला नव्हता. खुर्ची उन्हात घेतली. तिथून गॅसचा सिलिंडर घ्यायला उठलो. परत बसलो तर आई म्हणाली, "बसलाच आहेस तर एवढा लसूण सोल." डाव्या हाताने लसूण आणि उजव्या हाताने दुर्बीण हे जमत नाही. डोळ्याला लसणाचा हात लागल्यावर तर काहीच जमत नाही.

तरीही यादी झाली, आणि माझ्या मते भरगच्च झाली. बुलबुल एकूण अकरा, सूर्यपक्ष्यांच्या तीन जाती, एक कोकीळ आणि त्याच आंब्यावर एक शिक्रा! साताऱ्याच्या भर वस्तीत, आमच्या परड्यात, अंगभर ठिपके असलेला, लाल डोळ्यांचा शिक्रा. मी यादी पाठवली आणि अभिनंदनाची वाट बघत बसलो.

संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, अकरा बुलबुल एकदम दिसले का?"

"एकदम कसे दिसतील? एक नळावरून कढीपत्त्यावर गेला, एक कढीपत्त्यावरून नळावर आला, पुन्हा एक..."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने शांतपणे नियम सांगितला: तोच पक्षी परत आला तर पुन्हा मोजायचा नसतो. आमचे अकरा बुलबुल दोन झाले. मग शिक्र्यावर गाडी आली. लाल डोळे, तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके, ही कोकीळमादी. काळाकुळकुळीत असतो तो नर आणि गातो तोही नरच. मादी नुसती किक्-किक् ओरडते. म्हणजे ज्या जोडप्याच्या स्वरांवर आपल्याकडे इतकी कविता झाली, त्यातल्या नवऱ्याला मी ओळखलं होतं आणि बायकोला हिंस्र पक्ष्यांत टाकलं होतं. राहता राहिले माझे तीन सूर्यपक्षी. काळा-जांभळा चकाकणारा, दुसरा साधा पिवळट आणि तिसरा पिवळट पण गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी असलेला. त्याची नोंद वहीत 'टायवाला' अशी होती. तिन्ही एकच: जांभळा शिंजीर. विणीचा हंगाम संपला की नर आपला झगमगाट उतरवतो, त्याच्याकडे तेवढी पट्टी उरते, आणि हिवाळा सरता सरता पुन्हा रंग चढवतो. काहींचं उशिरा उरकतं.

"हे एवढं तुला कसं कळतं गं?" मी विचारलं.

"बघितलं की कळतं," ती म्हणाली. मग दया येऊन तिने मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' घे असं सुचवलं. तो मी घेतला आणि याही पावतीबद्दल घरात बोलणं झालं.

आता तांबटाचं. खरं तर हे सांगायची गरज नाही, पण शेजारचे काका सगळ्यांना सांगतातच, तेव्हा माझ्याकडून गेलेलं बरं. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून पहाटे टुक-टुक-टुक असा एका लयीत आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. कधी डावीकडून वाटायचा, कधी उजवीकडून. मी निदान केलं: काकांच्या बोअरच्या मोटरचं बेअरिंग गेलंय. पारव्यांच्या प्रकरणानंतर मलाही एक मुद्दा हवाच होता. मी जाऊन "मोटर जरा दाखवून घ्या, पहाटे झोपमोड होते" असं ठणकावून आलो. काकांनी मेकॅनिक बोलावला. त्याने मोटर खोलली, ती चांगली असल्याचं सांगितलं आणि खोलल्याचे पैसे घेतले. तो पैसे मोजत असतानाच आमच्या शेवग्यावर टुक-टुक सुरू झालं आणि तिघांनीही वर पाहिलं.

चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळाला लाल टिळा, गळ्याला पिवळं. चोच न उघडता ओरडतो, गळा फुगतो तेवढाच, आणि ओरडताना डोकं इकडेतिकडे फिरवतो म्हणून आवाजाची दिशा फसवते. २०११ साली मुंबईने आपला नगरपक्षी म्हणून याचीच निवड केली होती, असं मी काकांना वातावरण हलकं व्हावं म्हणून सांगितलं. "मग मुंबईलाच पाठवा की त्याला," ते म्हणाले. मेकॅनिकचे पैसे मी दिले.

आणि तांबट शेवग्यावर कशासाठी आला होता? वाळक्या फांदीसाठी. तिच्या खालच्या अंगाला चोचीने ठोकून ठोकून त्याने वाटोळं भोक पाडायला घेतलं होतं. लाकूड मऊ झालेली, मेलेली फांदी त्याला घरट्यासाठी लागते. हिरवी चालत नाही. खाली माझी स्कूटर उभी असते, तिच्या सीटवर रोज चिमूटभर भुसा पडलेला असायचा. नळ, फांदी... माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला.

पूर्ण प्रकाश पडला तो शिंजिरामुळे. पिटुनियाला त्यांनी विचारलं नाही. ते सगळे त्या रोगट जास्वंदीवर. तिच्या कोवळ्या शेंड्यांना पिठ्या ढेकणाने पांढरं फटफटीत करून टाकलंय, पाच-सहा फुलं कशीबशी येतात, त्यांच्यावर सकाळपासून झुंबड. तीही कशी? सरळ फुलात तोंड घालून, परागाला अंगावर घेऊन, रीतीने नव्हे. फुलाच्या मागच्या बाजूने, देठाजवळ, पाकळ्यांच्या बुडाशी चोचीने बारीक भोक पाडायचं आणि मध ओढून पसार. पुढचं दार उघडं असताना मागून घरफोडी. मी खुर्चीवरून हे प्रथमच इतक्या जवळून पाहिलं आणि लसूण सोलायचा विसरलो.

मग मादी एक दिवस पडवीत आली. आमच्या जळमटांचा तिने एक लांब धागा ओढला, चोचीत गुंडाळला आणि कपड्यांच्या तारेच्या त्या लोंबत्या टोकाला नेऊन लावला. पुन्हा आली, पुन्हा नेला. त्या चिकट धाग्यांत तिने वाळक्या पानांचे कपटे, सालींचे तुकडे, अळ्यांची विष्ठा आणि अगरबत्तीच्या पुड्याची एक चंदेरी पट्टी गुंतवली. आठवडा उलटला तेव्हा तारेला वीतभर लांबीची एक गबाळी पिशवी लोंबत होती. कोणालाही कचरा वाटावा अशी. पण बाजूला दार, दारावर पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून छज्जा. आत अस्तराला आईच्या वातींचा कापूस. आई दुपारी कट्ट्यावर वाती वळत बसते, तिथला तिने उचलला होता. हे सगळं चाललं असताना नर शेवग्याच्या शेंड्यावर बसून तारस्वरात गात होता.

"बघ," आई बायकोला म्हणाली, "ती सूत ओढतेय आणि हा नुसता वर बसून आवाज करतोय."

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. दुर्बीण मी तोंडावरून खाली घेतली नाही.

नराला दुसरं एक काम मिळालं होतं: माझ्या स्कूटरच्या आरशाशी भांडण. विणीच्या दिवसांत तो आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही, आणि आरशात तर अगदी त्याच्याच तोडीचा बसलेला. दिवसभर आरशावर चोची मारायच्या, दमायचं, पुन्हा उठायचं. बिचाऱ्याच्या चोचीची काळजी वाटून मी दोन्ही आरशांवर माझे जुने मोजे चढवले. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या घाईत ते काढायचं राहिलं. पोवई नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली.

"आरशावर काय हे?"

"मोजे."

"ते दिसतंय. का?"

"पक्षी भांडतो," मी म्हणालो.

"कोणाशी?"

"स्वतःशी."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, घरी कोणी आहे का असं आपुलकीने विचारलं आणि चहा घेऊन मग पुढे जायचा सल्ला दिला. पावती फाडली असती तर बरं झालं असतं. दुपारपर्यंत ही हकीकत माझ्याआधी ऑफिसात पोहोचली होती.

पण या सगळ्या बेअब्रूतून मला एक मोठं हत्यार गवसलं होतं. मी विकत आणलेलं, मांडलेलं, भरलेलं एकही पाखरांना चाललं नाही. जे करायचं राहून गेलं होतं नेमकं तेवढंच त्यांनी घेतलं. रात्री जेवताना मी विषय काढला. वॉशर बदलला असता तर बुलबुलांनी अंघोळ कुठे केली असती? फांदी उतरवली असती तर तांबटाने काय करायचं? जळमटं काढणं म्हणजे शिंजिरांच्या बांधकामाचं सामान पळवणं. थोडक्यात, गेली कित्येक वर्षं मी या घरात पर्यावरणाचं काम मूकपणे करत आलो होतो. माझं भाषण इतकं रंगलं, की जाता जाता मी माळा आवरायचं कामही निसर्गाच्या खात्यात टाकून दिलं.

"माळ्यावर कुठला पक्षी येतो?" बायकोने विचारलं.

"अजून नाही आला. पण उद्या आला तर?"

तिने ताट उचललं. आवाज चढला नाही, हेच वाईट लक्षण होतं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "तारेला हात लावायचा नाही. अंडी उबवायला पंधरा दिवस, पुढे पिल्लं उडेपर्यंत आणखी तितकेच. तोवर धुणं गच्चीवर. आणि पाखरं तुमची आहेत, तेव्हा बादल्या तुम्ही न्यायच्या."

आमचा जिना बाहेरून आहे, अरुंद आणि कठडा एकाच बाजूला. ओल्या चादरींची बादली घेऊन तो चढताना पर्यावरणाबद्दल माणसाचे विचार बरेच संयत होतात. गच्चीवर दोऱ्या बांधणं, चिमटे शोधणं, संध्याकाळी घड्या, हे सगळं त्याच खात्यात आलं. खाली परड्यात पिशवीच्या दारातून मादीची वाकडी चोच तेवढी बाहेर दिसायची. नर शेंड्यावर गातच होता. मला त्याचा राग यायला लागला होता.

शिमगा झाला आणि आईने वाळवणाला हात घातला. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, तो शिजवून सोऱ्यातून कुरडया पाडणं हे आईच्या वयाला झेपत नाही असं आम्ही दरवर्षी म्हणतो आणि ती दरवर्षी करते. कुरडया गच्चीवर. धुणंही गच्चीवर. टपकणाऱ्या चादरी आणि ओल्या कुरडया यांचं एका गच्चीत जमेना, तेव्हा चादरी कडेला सरकवून मी कुरडयांना जुनी धोतरं अंथरली. आणि मग राखण कोणी करायची, असा प्रश्न निघाला.

"पाखरांतलं ह्यालाच कळतं ना," आई म्हणाली. "हाच बसू दे."

तर मी गच्चीवर आहे. डोक्यावर छत्री, हातात काळी पिशवी बांधलेली काठी, गळ्यात दुर्बीण. पाखरं इथे येतात ती मात्र मन लावून येतात. चिमण्या कठड्यावर रांगेने बसतात आणि मी डावीकडे गेलो की उजवीकडून उतरतात. साळुंक्या चालत येतात, अजिबात घाई नसते. कावळा एक अख्खी कुरडई उचलतो, टाकीवर नेतो आणि माझ्याकडे बघत बघत खातो. मी "हाऽऽ हाऽऽ" करून काठी फिरवतो, काठीची पिशवी चादरीत अडकते, चादर कुरडयांवर येते. काका आपल्या गच्चीतून हे बघत असतात. परवा त्यांनी खुर्ची आणली.

भाचीचा पुन्हा फोन आला. मोजणीचे चार दिवस उलटून गेले तरी ॲपवर नोंद वर्षभर करता येते म्हणे. "मामा, गच्चीवर इतका वेळ बसतोस, तर यादी पाठव ना. आता तुला नीट मोजता येतं." मी वही काढली. चिमण्या एकदम दिसल्या तेवढ्याच लिहिल्या, सतरा. साळुंक्या चार, कावळे तीन. लांब वडाच्या दिशेने एक राखी धनेश गेला, तोही लिहिला, दोनदा खात्री करून. यादी चोख होती. 'हाकललेले' असा रकाना त्यात नव्हता, एवढंच.

तेवढ्यात जिन्याच्या पायथ्याशी आई येऊन उभी राहिली.

"पाखरं राहू दे रे, कुरडया मोज. काल रात्री मी मोजल्या तेव्हा दोनशे होत्या."

मी मोजायला लागलो. एकशे साठच्या पुढे आकडा जाईना. कठड्यावर चिमण्या होत्या, टाकीवर कावळा चोच पुसत होता, समोर काका कान देऊन बसले होते. मग मी पुन्हा डावीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि ज्या पद्धतीने दोन बुलबुलांचे अकरा केले होते त्याच पद्धतीने आणखी चाळीस मोजल्या.

"दोनशेच आहेत, आई," मी वरून ओरडलो.